चीरशांती

सोमवार, १० सप्टेंबर

चि. टिंबूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असेलच. नसतं तर कळवलं असतंस, असं मी धरून चालतो. अकरा वर्षं मी बरंच काही धरूनच चालतो आहे.

पत्रास कारण, झारी.

हसू नकोस. लोकांवर मोठमोठी संकटं येतात, त्यांची वर्तमानपत्रांत बातमी होते. माझ्यावर जे काल गुदरलं त्याची दखल कोणीच घेणार नाही, म्हणून तुला लिहितो. दफनभूमीच्या नळाशेजारी खिळ्यावर टांगलेली ती हिरवी पत्र्याची झारी तुला आठवत असेल. बाबांच्या वेळची, तळाला डांबर थापलेली. दरवर्षी मी ती भरतो, चारही दगड धुतो आणि तोंड भिंतीकडे करून जागच्या जागी टांगतो. काल ती तोंड बाहेर करून टांगलेली होती. म्हटलं, असेल. भरली, आजोबांच्या दगडाशी नेली, तिरकी केली. काही नाही. आणखी तिरकी केली. पाणी आलं, पण वरच्या तोंडातून, आणि थेट माझ्या डाव्या बुटात. बावन्न वर्षांचा गृहस्थ एका पायावर उभा राहून झारीच्या नळीत काडी खुपसतो आहे, हे दृश्य तू डोळ्यांसमोर आण. शेजारच्या रांगेत एक कुटुंब फुलं घेऊन उभं होतं. त्यांनी आपलं दुःख जरा बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

काडीला लागून बाहेर आला तो खडूचा तुकडा. पांढरा, करंगळीच्या पेराएवढा. झारीतला शुक्राचार्य आजवर नुसता ऐकला होता, काल हातात आला.

आता बघ. झारीत खडू लपवण्याची खोड आपल्या घराण्यात एकाच व्यक्तीला होती. मी नाव घेत नाही. ती व्यक्ती तेव्हा सात वर्षांची होती, उन्हात उभं राहून कंटाळायची, आणि खडू नाहीसा झाला की उजळणी लवकर आटोपेल असा तिचा हिशेब असायचा. एकदाही आटोपली नाही. बाबांच्या खिशात दुसरा खडू असायचाच.

उजळणी म्हणजे काय तेही विसरली असशील, म्हणून आठवण करून देतो. सप्टेंबरचा दुसरा रविवार. पाठ्यपुस्तकांची छपाई संपली की बाबांच्या छापखान्याला तेव्हाच पहिली सुट्टी मिळायची. इतर लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. आपले वडील मुद्रितशोधक. ते म्हणायचे, "रडायला काय, कुणीही रडेल. दगडावरचं अक्षर झिजतं, ते कोण बघणार?" म्हणून ती लांबट वही, जिला ते 'मूळ प्रत' म्हणायचे. प्रत्येक दगडावरचा मजकूर तिच्यात काना-मात्रेसकट उतरवलेला. एकानं वहीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं दगडावर बोट फिरवत तपासायचं. "आजोबा. आ, ज ला काना-मात्रा, ब ला काना..." अगदी छापखान्यात करतात तसं. जुळलं की दगडाच्या उजव्या कोपऱ्यात खडूची बरोबरची खूण. वाचणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची एक. दोन खुणा झाल्याशिवाय कबर 'वाचून झाली' असं नाही.

हे काम दोघांचं आहे. मी अकरा वर्षं एकटा करतो. आधी वही घेऊन मोठ्यानं वाचतो, मग वही गवतावर ठेवून दगडाशी बसतो आणि जे वाचलं ते आठवून तपासतो. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: स्वतःचं लिहिलेलं स्वतः तपासू नये, डोळा आपल्याला हवं तेच वाचतो. असो.

तर मी झारी मोकळी केली, आजोबांचा दगड धुवायला वाकलो आणि थबकलो. उजव्या कोपऱ्यात खडूच्या दोन खुणा. ताज्या. आत्याच्या दगडावर दोन. बाबांच्या दगडावर दोन. मी अजून वही उघडलीसुद्धा नव्हती! ही माझी मूळ प्रत, जी वर्षभर माझ्या कपाटात कुलपात असते. मग कुणी, कशावरून वाचलं?

राखणदाराकडे गेलो. तो वहीत नावं लिहितो म्हणे; लिहितो ती त्याच्या कोंबड्यांची अंडी.

"शुक्रवारी आल्या होत्या की दोघी," तो म्हणाला. "एक बाई आणि एक चष्म्यातली पोरगी. काय भांडत होत्या!"

"भांडत?"

"मग काय. बाई डोळे मिटून काहीतरी म्हणायची आणि पोरगी दगडाशी बसून ओरडायची, 'काना! मात्रा! आई, पुढे!' मला वाटलं, मंत्रतंत्र करतात का काय. मी जाऊन विचारलं. बाई म्हणाली, आम्ही तपासतोय. म्हटलं, तपासा बापडे, मेलेली माणसं आहेत, पळून थोडीच जाणार."

"बाई कशी होती?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाक तुमच्यासारखं. बोलणं तुमच्यापेक्षा बरं."

आता मी कोणावर संशय घ्यावा, सांग. शहरात माझ्यासारखी नाकं पुष्कळ असतील. डोळे मिटून चार दगड पाठ म्हणणारी बाई मात्र एखादीच असेल. तुझ्या ओळखीत अशी कोणी असल्यास कळव. आणि तिला हेही विचार, की शुक्रवारी का? रविवारी दुसरं कुणी येतं, ते ठाऊक असल्यामुळे का?

आणखी एक. राखणदार म्हणाला, जाताना तिनं विचारलं की दगडावरचं अक्षर बदलायचं असेल तर कार्यालयात कोणाकोणाची सही लागते. कुठल्या दगडावरचं, ते त्याला आठवत नाही.

आईच्या दगडाबद्दल मी लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिथे खूण नव्हती. एका अक्षराभोवती खडूनं गोल केला होता. मी तो पुसला नाही. झारीतलं पाणी संपलं होतं, एवढंच.

तुझा
दादा

ता. क. वहिनी विचारते, टिंबूला गुडघेदुखीचं ते तेल पाठवू का. मी म्हटलं, जी बाई गुपचूप येऊन चार कबरी वाचून जाते तिचे गुडघे आपल्यापेक्षा ठणठणीत आहेत.

* * *

बुधवार, १९ सप्टेंबर

चि. टिंबूस,

आशीर्वाद. तुझा लिफाफा मिळाला. वजन बघून वाटलं, चार पानी पत्र असेल. दोन वेळा लिफाफा झटकला, एकदा आत फुंकर मारली. पत्र नाही. फक्त दफनभूमी कार्यालयाचा छापील अर्ज, 'दगडावरील मजकुरात दुरुस्तीबाबत', आणि त्यावर तुझी सही. दुसऱ्या सहीची जागा रिकामी. अकरा वर्षांनी बहिणीचा अर्ज यावा, पत्र येऊ नये, याला काय म्हणावं? अर्जात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, त्या कार्यालयाच्या. लाल करून ठेवल्या आहेत. सवय.

म्हणजे ती बाई तूच. चला, निदान नाकाचा प्रश्न सुटला.

पण मी इतका भोळा नाही. अर्ज वाचल्यावर मी सरळ आपल्या आतेभावाच्या दुकानात गेलो. मला दाट संशय होता की यामागे तोच आहे. चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या जगाचं दिसणं सुधारतो आणि वर गावभरच्या चौकशा करतो. आईचा दगड बसवला त्या दिवशी सगळ्यांत आधी चूक त्यालाच दिसली होती, हे तू विसरली नसशील. कापड बाजूला झालं, तीस नातेवाईक हात जोडून उभे, आणि हा पुढे वाकून म्हणतो, "अरे, हे काय? 'चीरशांती'! मामीच्या शांतीला चीर पडली की रे!" आणि हसला. दफनभूमीत. त्याचं ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

दुकानात गेल्या गेल्या त्यानं मला खुर्चीत बसवलं. मी संशय घ्यायला आलो आहे हे त्याला कळलं की नाही, देव जाणे. नाकावर ते जड लोखंडी चौकट चढवली आणि काचा बदलायला लागला.

"टिंबू भेटली होती तुला?" मी विचारलं.

"वरची ओळ वाच."

"मी विचारतोय, टिंबू..."

"भेटली. चष्मा करायला आली होती पोरीचा. पोर गोड आहे रे, अक्षरं वाचायला दिली तर फळ्यावरचा 'ळ' तिरका काढलाय म्हणाली. तुमचंच रक्त. खालची ओळ वाच."

"काय बोलली?"

"काही नाही. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, आहे तसाच आहे, दुसऱ्याची चूक काढून जगतो." त्यानं काच काढली, दुसरी लावली. "हं. लांबचं तुला ठीक दिसतं. जवळचं बिघडलंय. अगदी जवळचं."

मी म्हटलं, "चष्म्याबद्दल बोलतोयस ना?"

"मग आणखी कशाबद्दल?" तो म्हणाला. पण हा माणूस आयुष्यात कधी एकाच गोष्टीबद्दल बोललेला नाही.

आता अर्जाकडे येतो. अनुक्रमांक सहा. 'मजकुरातील चुकीस जबाबदार: कारागीर / मजकूर देणारा / अन्य.' तू 'मजकूर देणारा' याला गोल केला आहेस, आणि पुढे आपल्या हातानं लिहिलं आहेस: 'मी.'

हे काय नवीन?

अकरा वर्षांपूर्वी त्याच दगडासमोर तू तीस माणसांदेखत म्हणालीस, "मी ऱ्हस्वच लिहिलं होतं." तीनदा म्हणालीस. कोणी ऐकलं नाही. कारण मजकूर तुझ्या अक्षरात होता, दगडवाल्याला दिला होता तो कागद तुझा होता, आणि तुझ्या शाळेच्या गुणपत्रिकेत मराठीपुढे कायम लाल रेघ असायची. मावशी म्हणाली, "अगं, चूक होते माणसाची, एवढं काय." तू ओढणी गुंडाळलीस आणि निघून गेलीस. पुढच्या सप्टेंबरला आली नाहीस. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी वाढदिवसाचं कार्ड मात्र नेमानं पाठवतेस, आत फक्त 'शुभेच्छा' लिहून. तेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.

आणि आता, विचारलं नसताना, कार्यालयाच्या कागदावर तू म्हणतेस की चूक तुझी.

का?

हे लिहिताना मी स्वतःशी चार उत्तरं मांडली आणि चारही संशयास्पद निघाली. एक म्हणजे, तुला आईचा दगड दुरुस्त करून हवा आहे, लवकर, आणि कार्यालयाला कुणाचं तरी नाव लागतं. मग माझं का नाही लिहिलंस, 'अन्य' म्हणून? किंवा असं असेल, की मुलीला उजळणी शिकवायची आहे, आणि चुकीचा दगड तिच्यापुढे वाचायचा कसा, हा प्रश्न पडला. किंवा, बाबांच्या भाषेत सांगायचं तर, तू 'प्रूफ परत पाठवते आहेस', म्हणजे दुसऱ्याला त्याची चूक स्वतः सापडावी म्हणून कोरं ठेवून. चौथं मी लिहीत नाही.

तुझी वहिनी म्हणते, "सही करून टाका, काय मेलं रहस्य काढताय." तिला मी सांगितलं की कागदावर सही करण्याआधी मजकूर तपासावा लागतो. ती म्हणाली, "तपासा की मग. पण तुमच्या नाकाचा शेंडा हलतोय. संशय दुसऱ्याचा असला की हलत नाही तो."

मी सही करणार नाही. खोटा मजकूर मी पास करत नाही. माझ्या धंद्याचा नियम आहे.

सौ. ना म्हणावं, तेल पाठवलं आहे. म्हणजे तुलाच.

दादा

* * *

रविवार, ७ ऑक्टोबर

चि. टिंबूस,

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य कृपया वाचलं नाही असं समज. 'सौ. ना म्हणावं' हे मी कोणाला उद्देशून लिहिलं ते माझं मलाच कळलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, त्याची ही फेड.

पत्र लिहायला उशीर झाला. आधी कारणं सांगणार होतो, छापखान्यातलं काम, पाऊस, तुझ्या वहिनीचा दात. मग लक्षात आलं की कारणांमध्येही मी दीर्घ वेलांट्या टाकतो आहे. सरळ लिहितो.

सोमवारी मी दगडवाल्याकडे गेलो. तोच, कोपऱ्यावरचा, छपरावर पांढरी भुकटी साचलेली. आता म्हातारा झाला आहे, छिन्नी मुलगा धरतो, तो नुसता बसून चुका दाखवतो. माझ्याच वर्गातला माणूस. मी विचारलं, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करता येईल का, म्हणजे अक्षराच्या उजवीकडची रेघ काढून डावीकडे न्यायची.

"डावीकडे जागा आहे," तो म्हणाला. "नवी रेघ कोरून देऊ. पण उजवीकडची भरावी लागेल, आणि भरलेलं दिसणार. दगड विसरत नाही, साहेब." मग मुलाच्या हातातली छिन्नी सरळ करत, "बाई आल्या होत्या गेल्या महिन्यात. त्यांनाही हेच सांगितलं."

"आणखी काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी सांगायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, नको, राहू द्या, ते त्याचं त्याला सांगू दे." मग तो हसला, तोंडात दोनच दात. "आठवतंय ना साहेब? तुम्ही इथेच, या लाकडावर कागद ठेवून लाल पेननं केलंत. मी म्हटलं, बाईंनी ऱ्हस्व लिहिलंय, तुम्ही दीर्घ करताय, नक्की का? तुम्ही म्हणालात, 'दगड फोडायचं तुम्ही बघा, भाषेचं मी बघतो.'"

टिंबू, हे वाक्य मी बोललो होतो. शब्दशः.

आता सगळं सांगतो, आणि एकदाच सांगतो, म्हणून नीट ऐक. तू कागदावर लिहिलं होतंस: 'चिरशांती लाभो'. बरोबर लिहिलं होतंस. लाल रेघेच्या गुणपत्रिकेनं लिहिलं होतं आणि बरोबर लिहिलं होतं. मी तो कागद दगडवाल्याकडे नेताना वाटेत वाचला आणि माझ्या डोक्यात नियम वाजला, 'अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ'. खीर, वीट, चीर. माझा हात आपोआप चालला. नियम पाठ होता. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद असतात, हे बाबांनी मला दहा वेळा सांगितलं होतं, पण तेव्हा नेमकं आठवलं नाही. शहाण्या माणसाची चूक ही अशी असते. अडाण्याला ती करताच येत नाही.

चूक क्षम्य होती. पुढचं नाही. कापड बाजूला झालं, आतेभाऊ हसला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मुद्रितशोधक मी, बाबांचा मुलगा मी, त्यांची वही माझ्याकडे. मला एक क्षण मिळाला. फार मोठा नाही. त्या क्षणात मी म्हणालो, "मजकूर टिंबूच्या हातचा होता."

वाक्यात एकही चूक नाही. हवं तर बाबांना विचार. अक्षर तुझंच होतं. मग कोणीतरी विचारलं, तो कागद कुठे आहे? मी म्हणालो, हरवला. हे मात्र साफ खोटं. कागद दगडवाल्यानं दगडाबरोबर परत केला होता आणि तो माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. माझ्या छातीशी. तू तीनदा "मी ऱ्हस्वच लिहिलं होतं" म्हणत होतीस तेव्हा मी हात खिशावर ठेवून उभा होतो, आणि मावशीला वाटलं, आईच्या आठवणीनं मला भरून आलंय.

तेव्हापासून तो कागद मूळ प्रतीत आहे. वहीच्या शेवटच्या पानात, घडी करून. गेल्या आठवड्यात तुझी वहिनी म्हणाली, "अकरा वर्षं मी ती वही झटकते. काय डोळे मिटून झटकते?" मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुमच्या बहिणीचं देणं तुम्हीच द्यायचं. मी कशाला मध्ये?" या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं असं दिसतंय. फक्त मीच गुपित जपत बसलो होतो.

अकरा वर्षं एकट्यानं उजळणी का केली ते आता तुला कळलं असेल. आईच्या दगडाशी आलो की वही मिटायचो. तिथे मोठ्यानं वाचायला दुसरा माणूस असता, तर तो थांबून म्हणाला असता, "दादा, वहीत ऱ्हस्व आहे." मी मूळ प्रतीत आईचा मजकूर बरोबरच लिहून ठेवला होता, टिंबू. फक्त तुझ्या नावापुढची चूक दुरुस्त करायला धजलो नाही.

आणि तुझं ते 'मी'. तो उपकार होता की टोमणा, अजून मला ठरवता आलेलं नाही. आपल्या घरात दोन्ही एकाच बरणीत ठेवतात. पण चौथं उत्तर, जे मी लिहिलं नव्हतं, ते असं होतं: की तुला सगळं ठाऊक आहे आणि तू माझी वाट बघते आहेस. सगळ्यांत जास्त संशय मला त्याचाच आला होता. आणि तोच खरा निघाला.

अर्जावर सही केली आहे. अनुक्रमांक सहासमोर तुझा 'मी' कापला नाही. तुझ्या हातचं पुन्हा कापायची माझी हिंमत नाही. 'मी' च्या बाजूला कंसात माझं नातं लिहिलं आहे: 'मोठा भाऊ.' कार्यालयाला कळेल की नाही, ठाऊक नाही. तुला कळेल.

दगडवाला पुढच्या शनिवारी काम करणार आहे. भरलेलं दिसेल म्हणतो. दिसू दे. आई दिवसभर घरातली प्रत्येक गोष्ट शिवायची, पण रफू लपवायची नाही, म्हणायची, "फाटलं होतं ते लोकांना कळलं तर काय, आता फाटकं नाही ना?" तिच्या दगडावर रफू असणं तिला चालेल.

रविवारी, चौदा तारखेला, मी दहा वाजता नळापाशी असेन. उजळणी सप्टेंबरची असते हे खरं, पण छापखान्यात एखादं पान चुकलं तर त्याची पुरवणी काढतात. ही पुरवणी. तू येशील तर वाच, वही मी तुला देईन. वहीची तुला गरज नाही हे राखणदारानं सांगितलंच आहे. भाचीला तपासू दे, म्हणे 'ळ' तिरका चालत नाही तिला. मी झारी धरीन. माझं काम आता तेवढंच असावं. न आलीस तरी मी जाईन आणि एकच खूण करीन. दुसरीची जागा मोकळी ठेवीन, पुढल्या वर्षापर्यंत, किंवा त्याच्या पुढल्या. खडू माझ्याकडेच आहे. टपालानं पाठवणार नाही. हवा असेल तर येऊन घे.

राहता राहिलं ते एवढंच.

तू आठव्या महिन्यातच आलीस तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. डॉक्टर बाहेर येऊन बाबांना म्हणाले, आशा ठेवू नका. बाबा त्या संध्याकाळी बाकावर बसून मला सांगत होते की प्रूफात कधी आपण घाईनं एखादा चांगला शब्द कापून टाकतो. मग कळतं, चूक आपली होती, मूळचंच बरोबर होतं. तेव्हा तो शब्द पुन्हा लिहीत बसायचं नाही. कापलेल्या शब्दाखाली बारीक टिंबं द्यायची, ओळीनं. त्याचा अर्थ, तसंच राहू द्या. "डॉक्टरांनी काट मारलीय," ते म्हणाले, "आपण खाली टिंबं देऊ." दुसऱ्या दिवशी तू रडलीस, आणि तुझं नाव पडलं.

तुझा कागद सोबत जोडला आहे. अकरा वर्षांच्या घड्या पडल्या आहेत, सांभाळून उघड. पहिल्या ओळीत माझी लाल रेघ दिसेल, 'चि' वर मारलेली. ती खोडलेली नाही, खोडता येतही नाही.

आज सकाळी त्या 'चि' खाली मी ओळीनं टिंबं दिली आहेत.

तुझा,
चुकलेला मुद्रितशोधक,
दादा